जुन्या बाजारातला वस्तरा : प्रकल्प नोंदी

रविवार, ८ जून २०२५

जुना बाजार, सकाळी साडेआठ. रात्रीच्या पावसानं चिखल झालेला, म्हणून निम्मेच पथारीवाले आलेले. एका ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, मोबाईलचे चार्जर, एक पितळी अडकित्ता आणि त्यांच्या मधोमध हा. पाचशे सांगितले, दोनशे वीसला घेतला. विकणाऱ्याच्या लेखी तो 'जर्मन चाकू' होता. मी वाद घातला नाही.

घरी आल्यावर आधी व्हर्नियर लावला. पाठीपासून धारेपर्यंत १५.२ मिमी, पाठीची जाडी ४.४ मिमी. हिशोब केला तर धारेचा कोन साडेसोळा अंशांच्या आसपास येतो. वस्तऱ्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. हा नवा असताना पाच-अष्टमांश असणार, म्हणजे १५.९. मधलं ०.७ मिमी पोलाद कुणीतरी दगडावर संपवलंय. किती वर्षांत, ते वस्तराच जाणे.

टँगवर, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या जाड भागावर, 'सोलिंगेन' हे गावाचं नाव आणि खाली 'जर्मनी' एवढं वाचता येतं. कारखान्याचं नाव झिजलंय. टोकाजवळ धारेला अर्ध्या मिलिमीटरची खाच. दोन्ही अंगांना तांबडा गंज, धारेलगत काळे ठिपके. मूठ पिवळट, एक पिन ढिली.

बाबा (वय ८१) चष्मा वर करून बघत होते. "न्हाव्याचं घेऊन आलास काय?" एवढंच बोलले.

लक्ष्य : गणपती २७ ऑगस्टला बसतायत. त्याच्या आत याच वस्तऱ्यानं पूर्ण दाढी. तोवर रोजची दाढी नेहमीच्या मशीनवर, आणि तिच्याही नोंदी इथंच.

सोमवार, ९ जून

तुलनेला काहीतरी पाया हवा, म्हणून आजची रोजची दाढी घड्याळ लावून केली.

मशीन म्हणजे जिलेट टेक, सुटं ब्लेड बसवायचं सेफ्टी रेझर, तेही दोन वर्षांपूर्वी जुन्या बाजारातच मिळालेलं. हा नमुना १९३८ चा. तीन तुकडे : टोपी, खालची पट्टी, दांडा. त्यात बिघडण्यासारखं काही नाहीच. ब्लेड टोपीच्या दोन खुंट्यांवर बसतं, पट्टी त्याला कमानीसारखं वाकवते, दांडा आवळला की ते ताठ होतं. ०.१ मिमी जाडीचा पत्रा एरवी थरथरला असता, या कमानीमुळे थरथरत नाही. ज्यानं ही पकड शोधून काढली त्याला आमच्या कारखान्याच्या टूलरूममध्ये कुणीही नोकरी देईल.

अंघोळीनंतर लगेच. ब्रश आधी पाच मिनिटं कोमट पाण्यात. (डुकराच्या केसांचा आहे. हे घरात अजून सांगितलेलं नाही.) साबणावर अर्धा मिनिट फिरवला, मग फेस तोंडावरच काढला. पहिला हात केसांच्या कलानं, दुसरा आडवा. उलटा हात फक्त गालांवर. गळ्यावर उलटा फिरवला की दोन दिवस पुळ्या. मग गार पाणी, आणि ओल्या तोंडावर तुरटीचा खडा.

एकूण चौदा मिनिटं. पाच पात्यांच्या कार्ट्रिजनं चारच लागायची. पण ती चार मिनिटं डोक्यात ऑफिस चालू असायचं. टेक हातात असताना ते चालू ठेवताच येत नाही, लगेच रक्त येतं. शिवाय तो आवाज : दोन दिवसांच्या खुंटांवरून धार जाते तेव्हा बारीक पॉलिश पेपर फिरवल्यासारखी करकर, आणि दुसऱ्या हाताला ती गायब. पंखा बंद केला तरच ऐकू येतं. मी बंद करतो.

बुधवार, ११ जून

साफसफाई. बफला, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकाला, लावायचा मोह झाला. कारखान्यात दोन मिनिटांचं काम. पण या पात्याचं पोट दोन्हीकडून खोलगट घासलेलं असतं, धारेजवळ ते कागदाएवढं उरतं. बफवर ते क्षणात तापणार, आणि साध्या कार्बन स्टीलचा टेंपर, म्हणजे कमावलेला कडकपणा, दोनशे अंशांच्या पुढे उतरायला लागतो. निळा रंग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून हातानंच : बाटलीच्या बुचाला पॉलिश पेपर गुंडाळून, ६०० पासून २००० पर्यंत, तेलाचे थेंब टाकत, नेहमी पाठीकडून धारेकडे. धारेवर आधी चिकटपट्टी. तीन तास गेले.

तांबडा गंज निघाला. काळे ठिपके तसेच राहिले. ते आत गेलेत. ठिपका नेमका धारेवर आला तर तिथं धार टिकणार नाही. सध्या तरी धार आणि पहिला ठिपका यांच्यात जेमतेम दीड मिलिमीटर अंतर आहे.

मूठ कशाची, हा प्रश्न होता. हस्तिदंत नाही, रेषा फार सरळ आहेत. कोमट पाण्याखाली धरून अंगठ्यानं जोरात चोळली आणि नाकाजवळ नेली. कापूर! संध्याकाळच्या आरतीचा स्वच्छ वास. म्हणजे सेल्युलॉइड. ते मऊ राहावं म्हणून त्यात कापूर घालत. शंभरेक वर्षांपूर्वी कुणीतरी कालवलेला कापूर बाथरूममध्ये दरवळला, त्यावर मी फारच खूश झालो. हिला बोलावून वास दिला. "बरं," म्हणाली.

सेल्युलॉइडचा दोष असा, की ते कुजायला लागलं की त्यातून निघणारी वाफ पात्याला गंज चढवते. म्हणून वस्तरा बंद डबीत ठेवायचा नाही. आणि सुई तापवून टोचून बघायची नाही. ते भुर्रकन पेटतं.

शनिवार, १४ जून

दगड. आधी १००० ग्रिटचा (ग्रिटचा आकडा मोठा तितका दगड बारीक) दगडच सपाट करावा लागला : शिसपेन्सिलीनं चौकटी आखायच्या, सपाट काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून त्यावर दगड घासायचा, सगळ्या चौकटी पुसल्या गेल्या की झालं. मध्ये खळगा होता. मी इतकी वर्षं घरातल्या सुऱ्या खळग्यात घासत होतो, हे टूलरूममधल्या माणसानं कुणाला सांगू नये.

आता वस्तऱ्याची खरी गंमत. सुरीला धार लावताना कोन हातानं धरावा लागतो. इथं पात्याची पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकवायची. कोन आपोआप येतो, आणि पाठ धारेबरोबरच झिजत असल्यानं पिढ्यान् पिढ्या जवळपास तोच राहतो. कोन धरून ठेवणारं आपलं फिक्स्चर आपल्याच पाठीवर घेऊन फिरणारं हत्यार मी दुसरं पाहिलेलं नाही.

खाच काढायला आधी ४०० ची डायमंड प्लेट. धार पुढे ठेवून, आठाच्या आकड्यात न फिरवता सरळ. सव्वा तास. खाच गेली, रुंदी १४.७ वर आली. कोन हिशोबानं सतरा अंशांवर गेला. चालेल.

मग १००० वर. मार्करनं धारेच्या दोन्ही बाजू रंगवल्या, म्हणजे आमच्या टूलरूमचं ब्लू मॅचिंगच (रंग जाईल तिथं पातं टेकतंय), आणि दहा हात फिरवले. रंग टोकाकडचा गेला, मधला गेला, टाचेचा, म्हणजे मुठीकडचा, तसाच. पातं किंचित पिळलेलं आहे. दाब वाढवून टाच टेकवावी असं वाटतं, पण दाब दिला की पातळ पातं वाकतं आणि खोटा निकाल मिळतो. उपाय एकच : हात हलका ठेवून टाचेकडून टोकाकडे तिरपा खेचायचा. टाचेचा रंग जायला रात्रीचे साडेअकरा वाजले. मनगटावरचे केस कसेबसे निघतायत, तेही ओढून.

गुरुवार, १९ जून

तुकोबांची पालखी आज आकुर्डीत मुक्कामाला. रस्ते बंद, म्हणून गाडी लावून चालत निघालो. फुटपाथवर नाभिक बांधवांची ओळ बसलेली. प्लास्टिकच्या खुर्च्या, गळ्यात टॉवेल, वारकऱ्यांची दाढी-कटिंग मोफत. दरवर्षी दिसतं, पण यंदा मी हात बघत उभा राहिलो.

एका तरुणानं ब्लेड कागदासकट मधोमध मोडलं. कट्. अर्धं पट्टीत, म्हणजे ब्लेड बसवायच्या वस्तऱ्यात, सरकवलं, उरलेलं अर्धं कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात. पुढचा माणूस आला की नवं अर्धं. फेस जेमतेम, स्प्रेच्या पाण्यावरच सगळं. डाव्या हाताचा अंगठा मात्र सतत कामात : आधी कातडी वर ताणायची आणि मगच पट्टी खाली. ताण सुटला की पट्टी थांबायची. वारकरी बाबा डोळे मिटून, मान मागे टाकून निवांत. एक दाढी अडीच मिनिटांत.

मी चौदा मिनिटं लावतो आणि त्याला आनंद म्हणतो.

रविवार, २२ जून

दगडांचं काम संपलं : ३०००, ८०००, १२०००. आठ हजारानंतर धारेची कड लूपखाली (भिंगाखाली) आरशासारखी. बारा हजारावर दगड पातं चोखल्यासारखं धरतो, हाताला तो चिकटपणा जाणवतो. तिथं थांबलो.

आजचा खरा शोध मात्र फेसाबाबत. पिंपरी-चिंचवडला २०१९ च्या नोव्हेंबरपासून पाणी एक दिवसाआड. सोसायटीची टाकी टँकर आणि बोअरवर भरते, आणि बोअरचं पाणी जड. साबण म्हणजे स्टिअरिकसारख्या मेदाम्लांचे क्षार. त्यात पाण्यातलं कॅल्शियम मिसळलं की पांढरा साका बसतो. वाटीच्या कडेला जे दह्याच्या कण्यांसारखं चिकटतं ते साबण नाही, वाया गेलेला साबण आहे. इतके दिवस मी ब्रशला दोष देत होतो, नंतर साबणाला.

गॅलरीच्या पत्र्याची पागोळी बादलीत धरली. पहिलं अर्ध्या तासाचं पाणी टाकून दिलं, पत्र्याची धूळ असते. मग तोच साबण, तोच ब्रश, तेवढेच तीस फेरे.

बोअरच्या पाण्यात : फेस भरपूर, पण फुगे मोठे, दोन मिनिटांत बसला. पावसाच्या पाण्यात : आधी चक्क्यासारखा घट्ट. अर्धा चमचा पाणी घातलं, ब्रश फिरवला. अजून अर्धा. तिसऱ्या अर्ध्या चमच्याला तो एकदम बदलला. फुगे दिसेनासे झाले, वर तकाकी आली, ब्रश उचलला की फेटलेल्या दह्यासारखं टोक उभं राहून सावकाश वाकलं. आणि साबण पूर्वीच्या निम्मा लागला. गालावर धार फिरल्यावर मागे कोरडी वाट न राहता ओलसर बुळबुळीत पट्टा राहतो. त्यावरून दुसरा हात मारला तरी झोंबत नाही.

पाच लिटरचे दोन कॅन भरून ठेवलेत. हिनं विचारलं, हे कशाला? म्हटलं, दाढीला. त्यानंतर बराच वेळ शांतता.

बुधवार, २५ जून

पट्टा, म्हणजे दगडानंतर धार घोटायचं चामडं. कोल्हापूरच्या मित्रानं चपलांच्या कारागिराकडून म्हशीच्या चामड्याची पट्टी आणून दिली. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, गडद तपकिरी, वास असा की कपाटात ठेवू दिलं नाही. तळव्याचं चामडं, त्यामुळे टांगायला जाड. पॉलिश पेपरनं घासून सागाच्या फळीवर डकवलं. दुसऱ्या बाजूला जीन्सचा तुकडा.

इथं दिशा दगडाच्या उलट : पाठ पुढे, धार मागे. टोकाला आलं की पातं पाठीवर लोळवायचं, धारेवर नाही. विसाव्या फेरीला विचार भलतीकडे गेला आणि धारेवर लोळवलं. चामड्यात दोन सेंटिमीटरची तिरपी चीर. आता तो पट्टा माझाच, ओळखू येईल असा.

संध्याकाळी गल्लीतल्या सलूनवाल्या काकांना वस्तरा दाखवला. वाटलं होतं, जुनं हत्यार बघून खुलतील. त्यांनी उघडून मिटला आणि परत दिला.

"हे सुटलं तेव्हा पेढे वाटायला पाहिजे होते," म्हणाले. दुकान बंद झाल्यावर रोज रात्री वडील तीन वस्तरे दगडावर घ्यायचे, आणि पाणी घालायचं काम यांचं. झोप यायची. झोपेत पाणी कमी पडलं की डोक्यात टपली. पुढे एड्सची भीती पसरली, गिऱ्हाईकच विचारायला लागलं, ब्लेड नवं आहे ना? सगळ्यांनी अर्ध्या ब्लेडची पट्टी घेतली. वडिलांची धोकटी माळ्यावर गेली. "तुम्हाला हौस आहे, करा. पण दादा, ब्लेड आलं आणि आम्ही माणसात आलो."

निघताना मात्र परत मागितला. पट्टा वगैरे काही न घेता डाव्या तळहातावर चार-पाच वेळा फिरवला, इतक्या झटपट की मी मोजायला चुकलो. मग मनगटाचा एक केस वरच्या वर उडवला. "टोकाला बरी आहे. टाचेला अजून नाही." टाचेची कुरकूर मी त्यांना सांगितलेली नव्हती.

रविवार, २९ जून

टाचेवर पुन्हा ८००० आणि १२०००. मग जीन्सवर वीस, चामड्यावर पन्नास फेऱ्या. टांगत्या केसाची चाचणी : केस चिमटीत धरून धारेवर टेकवला, पडला.

पहिली दाढी. फक्त उजवा गाल, कानापासून जबड्यापर्यंत, बाकी टेकनं. दार आतून लावून घेतलं.

पातं गालावर टेकवलं आणि पहिल्यांदा जाणवलं, की मध्ये काहीच नाही. टेकची पट्टी कातडीला आधी दाबून सपाट करते. हा सरळ कातडीशी बोलतो. पाठ गालापासून वर, साधारण तीस अंश. डाव्या हाताची बोटं डोक्यावरून आणून कानापुढची कातडी वर ताणली. (तो पालखीतला अंगठा डोळ्यांपुढे होता.) खाली एक इंच. आवाज टेकपेक्षा मोठा, कारण खोलगट पातं तबल्याच्या पुडीसारखं वाजतं. मी श्वास धरला होता. दुसरा इंच. फेस पात्यावर गोळा झाला, त्यात बारीक काळे ठिपके.

गालावर बोट फिरवलं. टेकच्या तीन हातांनंतर लागतो तसा, एकाच हातात. तुरटी लावली तर नुसता गारवा, कुठंही झोंबलं नाही. खरं सांगायचं तर मी आरशात बघून हसलो.

मंगळवार, १ जुलै

डावा गाल, उजव्याच हातानं. मनगट नाकावरून आडवं न्यावं लागतं, आरसा दिसत नाही. हनुवटीच्या वळणावर पातं किंचित आडवं सरकलं. आडवं सरकणं म्हणजे कापणं, एवढंच. दीड सेंटिमीटर, सरळ, सुरेख रेघ. तुरटी दाबून सहा मिनिटं. ऑफिसात "मांजर" म्हणून सांगितलं. मांजर नाही आमच्याकडे.

शुक्रवार, ११ जुलै

हनुवटीला विश्रांती म्हणून दहा दिवस टेक. त्या निमित्तानं ब्लेडचा अभ्यास. एकच स्टेनलेस ब्लेड, रोज लूपखाली. चौथ्या दाढीपर्यंत कड अखंड, सहाव्याला दोन ठिकाणी कपची उडालेली. केस पोलादाला झिजवतो असं मी धरून चाललो होतो. पण ही झीज नाही, तुकडा पडलाय. यावर २०२० मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एमआयटीच्या संशोधकांचं काम आलं होतं. ब्लेडचं पोलाद केसाच्या सुमारे पन्नास पट कठीण, तरीही केस वाकून धारेला तिरपा लागला, आणि नेमकी त्या जागी धातूची घडण एकसारखी नसली, तर कपची उडते. म्हणजे केस उभा राहायला हवा. कातडी ताणणं आणि घट्ट फेस यांचा फायदा नुसता गालाला नाही, ब्लेडलाही होत असणार. निदान माझं ब्लेड पावसाच्या पाण्यावर एक दाढी जास्त चालतंय.

या पत्र्याच्या मागचा इतिहास आमच्या धंद्याचा आहे. किंग कॅम्प जिलेटला फेकून द्यायच्या ब्लेडची कल्पना सुचली, पण इतका पातळ पत्रा पाणी देताना (तापवून कडक करताना) पिळणार नाही अशी युक्ती त्याला येत नव्हती. ती विल्यम निकरसन या इंजिनिअरनं जमवली. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, खपली ५१ मशीनं आणि १६८ ब्लेडं. पेटंट १९०४ चं. कल्पना सुचणाऱ्याचं नाव डबीवर लागतं, हार्डनिंगवाल्याचं नाही. आमच्याकडेही हेच.

रात्री जेवताना विषय निघाला तर बाबा अचानक बोलायला लागले. त्यांच्या तरुणपणी ब्लेड स्टेनलेसचं नव्हतं, साधं पोलाद. पुसून ठेवलं नाही तर सकाळी तांबडं. धार गेली की काचेच्या ग्लासात आतून बोटानं दाबून पुढे-मागे घासायचं, अजून दोन दाढ्या निघत. (पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, मुलामा दिलेलं स्टेनलेस ब्लेड विल्किन्सननं १९६२ च्या सुमारास बाजारात आणलं, आपल्याकडे ते रुळायला वेळ लागला असणार.) मग आमच्या घरात टोपाझ आणि सेव्हन ओ'क्लॉक आले ते मला आठवतात. ठाण्याच्या विद्युत मेटॅलिक्सचीही असत. दाढीतून सुटलेलं ब्लेड आईच्या शिवणाच्या डब्यात जायचं, शिवण उसवायला, आणि अर्धं माझ्या कंपासपेटीत, पेन्सिलीला.

आता मात्र वापरलेलं ब्लेड पावडरच्या डब्याला चीर पाडून त्यात. कचरा गोळा करणाऱ्या ताई पिशवीत हात घालून ओला-सुका वेगळा करतात. डबा भरला की झाकण टेप लावून भंगारात.

रविवार, २० जुलै

पूर्ण दाढी, वस्तऱ्यानं. फक्त ओठावरची मिशीलगतची जागा टेकनं, तिथं धीर होत नाही. एकतीस मिनिटं. दोन बारीक ठिपके रक्त, दोन्ही गळ्यावर, जिथं केसांचा कल भोवऱ्यासारखा फिरतो. डावा गाल यावेळी डाव्या हातानं. आठवडाभर कोरड्या गालावर चमच्याची दांडी फिरवून सराव केला होता.

गुरुवार, २४ जुलै

आज अमावास्या. ऑफिसातले निम्मे लोक मटणाच्या रांगेत. उद्यापासून श्रावण.

बाबा श्रावण पाळतात, दाढीला हात नाही. मी आजवर पाळलेला नाही आणि त्यांनी कधी म्हटलंही नाही. पण आज वस्तरा पुसत होतो तर दारात उभे : "श्रावणात घरात वस्तरा नको चालवू." म्हटलं, मशीन चालेल? बराच विचार केला. "ब्लेडला हरकत नाही." कुठल्या शास्त्रात हा भेद आहे मला ठाऊक नाही. पण त्यांनी इतक्या गंभीरपणे निवाडा दिला की मी अख्खा श्रावणच पाळायचं ठरवलं. वस्तरा तेल लावून हवेशीर जागी ठेवला.

गुरुवार, ७ ऑगस्ट

रिकामे हात, म्हणून गंजाची चाचणी. कटरचं कार्बन स्टीलचं पातं तोडून तीन तुकडे. एक कोरडा, एकाला खोबरेल, एकाला शिवणयंत्राचं तेल. बाथरूमच्या खिडकीत चौदा दिवस.

कोरडा : तिसऱ्या दिवशी ठिपके, आज पूर्ण तांबडा. खोबरेल : तेल थिजून पांढरट झालं, मध्ये भेगा, भेगांत गंज. शिवणयंत्राचं तेल : स्वच्छ.

वस्तरा तपासला. स्वच्छ. पण धारेलगतचा तो काळा ठिपका जवळ आलाय असं उगाच वाटतं. मोजला : ०.९ मिमी.

दाढी खाजते. कॉन्फरन्स कॉलवर कुणीतरी तब्येतीची चौकशी केली.

रविवार, २४ ऑगस्ट

काल श्रावण संपला. वस्तऱ्याला चामड्यावर साठ फेऱ्या, पागोळीचं पाणी गरम.

महिन्याची दाढी आधी कात्रीनं बारीक करावी लागेल असं वाटलं होतं. लागलं नाही. टेकमध्ये एवढे केस पट्टीखाली अडकून चोंदले असते. वस्तऱ्याला अडकायला जागाच नाही. फेसासकट केस पात्यावरून सरकतात, बोटानं कागदावर पुसायचे की पुढे. पहिल्या पट्ट्यानंतर गालाची गोरी रेघ दिसली तेव्हा शेतातली पहिली तास काढल्यासारखं वाटलं. सव्वीस मिनिटं. यावेळी मिशीलगतची जागाही, नाक वर धरून, श्वास न घेता. रक्त नाही. लक्ष्याच्या तीन दिवस आधी.

तुरटी लावत बाहेर आलो तर बाबा गॅलरीत खुर्ची टाकून, गळ्यात पंचा बांधून बसलेले. त्यांचा हात आता कापतो. एरवी शनिवारी सलूनमध्ये नेतो, पण आज तिथं श्रावण सुटल्याची गर्दी.

मी वस्तऱ्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे. "मशीन आण," म्हणाले.

टेक, नवं ब्लेड. फेस बराच वेळ काढत बसलो, कारण त्यांना ब्रश आवडला. डोळे मिटून घेतले. म्हाताऱ्या माणसाची कातडी हाताखाली सुटी सरकते. एक बोटभर ताणली तर पलीकडे घडी पडते. ती घडी अंगठ्यानं सोडवायची, मग एक सेंटिमीटर, मग पुन्हा. गळ्यावर तर त्यांनी स्वतःच मान मागे टाकून हनुवटी वर केली, तेवढाच ताण पुरला. ओठावर आलो तसं नाकाचं टोक स्वतःच धरून वर केलं. मीही अगदी तसंच धरतो हे तेव्हा लक्षात आलं. केस सगळे पांढरे, त्यामुळे फेसात काही दिसत नाही. नुसत्या आवाजावर जावं लागतं. शेजारचा मिक्सर थांबेपर्यंत थांबलो.

चाळीस मिनिटं. तुरटी लावल्यावर "स्स" केलं. आरसा मागितला. चष्मा लावून एक गाल बघितला, मान वळवून दुसरा बघितला.

"डावा कल्ला वर गेलाय," म्हणाले.

मोजला. चार मिलिमीटर.

पुढची कामं : पट्ट्याच्या चिरेवर पॉलिश पेपर फिरवणे. मुठीची ढिली पिन. पावसाच्या पाण्याचा तिसरा कॅन.